रणगाड्याच्या विटा

रणगाड्याला दारूच्या विटा लावतात हे आईला सांगितलं नसतं, तर माझी ती सुट्टी जरा सुखात गेली असती.

मागच्या दारी आई आडाळ्यावर बसून बांगडे चिरत होती आणि मी शेजारी पायरीवर बसून तिला फोनवरचे फोटो दाखवत होतो. तेव्हा मी सैन्यात रणगाड्याचा ड्रायव्हर होतो. एका फोटोत मी ड्रायव्हरच्या जागेवरचं झाकण उघडून नुसतं डोकं बाहेर काढलं होतं, आणि गाळातून वर आलेल्या खेकड्यासारखा दिसत होतो. आईनं ओला हात पदराला पुसला, फोन हातात घेतला, आधी मला न्याहाळलं आणि मग रणगाड्याकडे वळली.

"ह्ये डबे कसले रे? सगळ्या आंगाक लावल्यानी ते?"

"डबे नाय गो आये, विटा. आमी विटाच म्हणतंव."

"लोखंडाच्यो विटा?"

"वरसून लोखंड. भितर दारू."

बांगडा तिच्या हातात तसाच राहिला. ही दारू जत्रेतल्या आतषबाजीसारखी आहे, प्यायची नव्हे, एवढं तिला लगेच कळलं. तिची नजर अशी झाली की मला पुढचं सगळं सांगणं भाग पडलं.

मी स्वयंपाकघरातून पातेल्यांवरची दोन झाकणं आणली. परातीत तांदळाचं पीठ मळून ठेवलेलं होतं, त्यातला गोळा थापून दोन झाकणांच्या मध्ये ठेवला. ही झाली वीट. शत्रूचं रॉकेट येऊन आपटतं तेव्हा त्याच्या तोंडातला तांब्याचा पत्रा दाबला जाऊन त्याची सुईसारखी धार होते, आणि ती धार वीतभर जाडीचं पोलादही भोसकून आत घुसते. आत आम्ही तिघं. म्हणून पोलादाच्या बाहेर ही वीट. धार विटेला लागली की मधली दारू उडते, दोन्ही पत्रे तिरके फेकले जातात आणि त्यांच्या तडाख्यात ती धार मोडते, विस्कटते. पोलादापर्यंत पोचते ती नुसती तिची शेपटी. सांगता सांगता मी झाकणं दोन बाजूंना उडवून दाखवली. पीठ तुळशीपाशी जाऊन पडलं.

आई पिठाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुमका वाचवूक तुमच्याच आंगार सुरुंग फोडूचो?"

"तसाच म्हण."

"आणि चुकान फुटलो तर?"

"फुटणा नाय. बंदुकीची गोळी मारलंस तरी फुटणा नाय. आगीत पडलो तर जळता, पण फुटणा नाय. तेका ती धारच लागूक व्हयी."

"ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"शिकवतत आमका."

"शिकवणारे बसतत भितर?"

वडील पुढच्या दारी जाळं विणत बसले होते. तिथून त्यांचं हसू ऐकू आलं. आईला मात्र हसू आलं नाही. आणखी एक प्रश्न तिच्या मनात होता आणि तो तिनं बांगडे धुऊन झाल्यावर विचारला. वीट फुटते तेव्हा बाहेर जवळपास जे कोणी उभे असतील, त्यांचं काय होतं? मी म्हणालो, त्यांना आधीच लांब राहायला सांगितलेलं असतं. ती म्हणाली, "सांगतत ता खरा. पण लढाईत कोण खंय उभो रवात, ता कोणाक ठावक?" हे आमच्या साहेबांनाही ठाऊक नसावं.

त्या सोमवारी ती मला देवळात घेऊन गेली. गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवापुढे सगळी हकीकत मोठ्यानं सांगायची पद्धत आहे. देवळाचा मानकरी, म्हणजे गावकर, एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. होडी नवीन असो, लग्न असो, परीक्षा असो. रणगाड्याचं गाऱ्हाणं मात्र त्या देवळात पहिल्यांदाच चाललं होतं.

गावकरानं सुरुवात नेहमीसारखीच केली. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू देशाच्या कामाक रणगाड्यार बसता म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"तेच्या रणगाड्याक दारूच्यो विटा लावल्यानी आसत म्हाराजा. त्यो विटा..." इथं तो थांबला आणि आईकडे वळला. "गो, त्यो फुटाच्यो काय नाय फुटाच्यो? नीट सांग माका."

"फुटाच्यो नाय," आई म्हणाली.

मागून वडील म्हणाले, "अगो, फुटाच्यो नाय तर लावल्यानी कशाक? रॉकेट लागल्यार फुटाकच व्हयो!"

देवळात हशा झाला. कोणी म्हणालं, रॉकेटच येऊ नये असं मागा. कोणी म्हणालं, देवाला उगाच घोळात टाकू नका. आई रडकुंडीला आली. शेवटी गावकरानं डोळे मिटले, जरा विचार केला आणि सुटसुटीत करून सांगितलं, "रॉकेट येवची येळच येव नये म्हाराजा. इलीच तर येळार फुटांदेत म्हाराजा. आणि नको त्या येळाक फुटा नयेत म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

इतक्या लोकांनी माझ्या विटांसाठी एका सुरात होकार दिला. मी बाहेर पायरीशी येऊन खाली वाकलो आणि चपला शोधत असल्याचं सोंग केलं.

सुट्टी संपवून मी परत गेलो. आमच्या गाड्यात माणसं तीनच. कमांडर, गनर आणि मी. मी पुढे खाली, जवळजवळ आडवा. ते दोघे माझ्या मागे वरच्या फिरत्या बुरुजात, मध्ये तोफ आणि तोफेच्या दोन बाजूंना एकेक जण. गनर हरियाणातल्या एका शेतकऱ्याच्या घरातला. इतका उंच, की तो त्या जागेत घडी घालून कसा बसतो याचं मला रोज नवल वाटायचं. मांस-मासळी दूर राहिली, अंड्याच्या वासानंही तो उठून जायचा. दूध मात्र तांब्यानं प्यायचा. आम्ही बरोबरच भरती झालो होतो. माझी हिंदी त्यानं सुधारली आणि त्याला पोहायला मी शिकवीन असं मी कबूल करून बसलो होतो, ते वाळवंटात जमणं शक्य नव्हतं.

त्या वर्षी आमचा मुक्काम सीमेजवळ होता, म्हणून विटा खऱ्या लावायच्या होत्या. एरवी त्या कोठारात असतात. उन्हानं पोलाद इतकं तापायचं की हातमोज्यांतूनही चटका बसायचा. मी खालून एकेक वीट त्याच्या हातात द्यायचो आणि तो ती दोन्ही तळव्यांवर अलगद घेऊन जागेवर बसवायचा. मी बोल्ट आवळायचो. काम करता करता मी त्याला गाऱ्हाण्याची गोष्ट हिंदीत करून सांगितली. तो हसून हसून बुरुजावरच बसला. "फूटे भी और ना भी फूटे! भगवान भी सोच में पड़ गए होंगे यार."

नंतर पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होतो, तेव्हा तो एकदम गंभीर होऊन म्हणाला, "माताजी ने मेरा भी नाम लिया था क्या?"

घेतलं नव्हतं. मी संध्याकाळी आईला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, तिघेय एकाच होडयेत मां? तेचाय नाव घेतंय, त्या सायबाचाय घेतंय. तेची आवस थंय काय करता, इचार तेका." मी विचारलं. त्याची आई म्हशी सांभाळायची. त्या दिवसापासून आई दर फोनला "म्हशी बऱ्यो आसत मां?" असं विचारू लागली.

पुढे थंडी सरता सरता एक सराव होता. सकाळची वेळ. वाळूच्या एका टेकाडावरून उतरताना खालची वाळू सरकली आणि आमचा गाडा खड्ड्यात जाऊन पोटावर टेकला. हे नवीन नव्हतं. मी मागे-पुढे करून तो बाहेर काढायचा प्रयत्न करत होतो. इंजीन ताणत होतं. तेवढ्यात मला वेगळा वास आला, जळत्या रबराचा, आणि कानात कमांडरचा आवाज आला, "पीछे आग है. इंजन बंद. सब बाहर."

मी इंजीन बंद केलं. आग आपोआप विझवणारी यंत्रणा सुटल्याचा फुसकारा ऐकला. आग विझली असं वाटलं, पण आतल्या तारा पेटल्या होत्या आणि ती पुन्हा भडकली. वीज गेली. कानातले आवाज बंद झाले.

मी डोक्यावरचं झाकण उचललं. ते मूठभर उघडलं आणि वर आपटून थांबलं.

आमच्या गाड्याची ही एक अडचण ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगतात. तोफेची नळी नेमकी त्याच्या झाकणावर खाली झुकलेली असली, तर झाकण पुरतं उघडत नाही. खड्ड्यात उतरताना नळी तशीच राहिली होती. ड्रायव्हरला दुसरी वाट असते, सीटमागे पोटाखालच्या झाकणातून. पण आमचं पोट वाळूत रुतलेलं. तिसरी वाट मागून बुरुजात जायची, पण तीही बुरूज ठरावीक दिशेला असला तरच मोकळी. तेव्हा नव्हती.

मी त्या फटीत तोंड घातलं. वर नळीचं काळं पोट दिसत होतं आणि बाजूला आकाशाची एक पट्टी. मागून धूर माझ्यापर्यंत पोचला होता. बाहेर कोणीतरी ओरडत होतं, "पीछे हटो! ईंटें लगी हैं, पीछे हटो!" तो हुकूम बरोबरच होता. विटा लावलेला गाडा पेटला की माणसांना लांब न्यायचं, हा नियम. मी तो स्वतः पाठ म्हटला होता. आतून ऐकताना मात्र माणसांचे पाय लांब लांब जाताना ऐकू येतात आणि त्यावर काही करता येत नाही.

खरं सांगायचं तर मला तेव्हा देव आठवला नाही, देशही नाही. घरी होडीला नवा रंग द्यायचा राहिलाय, एवढंच डोक्यात आलं.

आणि नळी हलली.

आधी मला भास वाटला. मग करकर आवाज येऊ लागला. दात्याला दाता लागून चाक फिरतं तसा. वीज नसली तर बुरूज हातानं फिरवायची सोय असते, गनरच्या बाजूला. कोणीतरी ते चाक फिरवत होतं. नळी बोटभर सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. आकाशाची पट्टी रुंद होत गेली. मी झाकणाला खांदा लावून बसलो होतो. एका क्षणी ते सुटलं, आणि मी कसा बाहेर आलो ते मला आठवत नाही, इतका झटकन आलो.

बाहेर आल्यावर बघतो तर गनरच्या झाकणातून धूर येतोय आणि तो काही येत नाहीये. कमांडर हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन मागच्या बाजूला होता. त्याला वाटलं होतं, गनर आधीच उतरला. मी हाक मारली आणि वर चढलो. चढायला पाय ठेवायची जागा म्हणजे आम्हीच लावलेल्या विटा. बुटाच्या तळव्यातून त्या गरम लागत होत्या. दुसऱ्या बाजूनं कमांडर आला. गनर चाकावरच ओणवा पडला होता. आम्ही त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं. एवढा उंच माणूस, संपता संपेना. कमांडर त्याला शिव्या देत होता आणि रडत होता.

आम्ही त्याला ओढत टेकाडापलीकडे नेलं. फेस मारणारा आगीचा बंब आला, आग विझली. दुपारी सगळं थंड झाल्यावर जाणकारांनी एकेक वीट तपासून उतरवली. मागच्या काहींचा रंग फुगून आला होता. एकही फुटली नव्हती.

गनरच्या छातीत धूर गेला होता आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. इस्पितळात दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला तेव्हा मी जवळ होतो. त्याला बोलू नको असं सांगितलं होतं. त्यानं डाव्या हातानं माझा कान ओढला. बस, एवढंच.

घरी मी फोन करून सांगितलं, जरा आग लागली होती, विझली. आई म्हणाली, "मगे तुझो आवाज कशान बसलो?" माझा घसा धुरानं गेला होता. दोन-तीन वाक्यांत तिनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मग तिनं हट्ट धरला, त्याला दाखव. मी व्हिडिओ कॉल लावला. पट्ट्या बांधलेला हात आणि नाकाला लावलेली नळी बघून तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग आयुष्यात कधी बोलली नव्हती ती हिंदी बोलली. "बाबा, तुम हमारे घर आव. इधर हवा बरी आसा." त्याला शेवटचे दोन शब्द कळले नसावेत, पण त्यानं मान हलवली.

आजारपणाच्या रजेत तो आधी आपल्या गावी गेला आणि मग मी त्याला कुडाळ स्टेशनवर उतरवून आमच्या गावी, देवबागला आणलं. स्वतःच्या घरच्यांना त्यानं सांगितलं होतं की इंजिनाचं उकळतं पाणी हातावर उडालं. का, तर आई घाबरेल. मी म्हटलं, माझी आई सगळं जाणते. तो म्हणाला, तुझी आई समुद्रावर जाणाऱ्या नवऱ्याची वाट बघून तयार झालीय. माझी म्हशींत राहिलीय.

आईनं त्याच्यासाठी नवीन पातेली काढली. जन्मभर मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईनं तो होता तोवर घरात मासा शिजवला नाही. वडील शेजारी जाऊन जेवून यायचे आणि गुन्हेगारासारखे तोंड धुऊन घरात शिरायचे. त्याला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ फार आवडली. सोलकढी त्यानं आधी औषध म्हणून प्यायली, मग मागून घेऊ लागला. तो खोकला की आई हातातलं काम टाकून उभी राहायची, आणि खोकला थांबला की पुन्हा बसायची.

वडिलांना हिंदी येत नव्हती. त्यांनी त्याला होडीत घालून खाडीत नेलं. मीही होतो. पाणी शांत होतं, तरी एवढा थोरला माणूस होडीच्या दोन्ही कडा घट्ट पकडून, डोळे विस्फारून बसला. वडील मला म्हणाले, "हेका आगीची भीती नाय वाटूक आणि पाण्याची वाटता?" मी ते हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "चाचा से कहो, आग की भी लगी थी. बहुत लगी थी." मी ते सांगितल्यावर वडिलांनी वल्ही थांबवली. मग होडी उथळ पाण्यात नेली, जिथं तळाची वाळू दिसते, आणि तिथंच तिला फिरवत राहिले.

आईनं एका दुपारी ओटीवर त्याला विचारलंच. मी मध्ये दुभाष्या. तुझं झाकण तर उघडं होतं, तू का नाही बाहेर पडलास?

त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, "माताजी, तोप इसके सिर पर थी. और तोप तो मेरी थी."

मी ते मालवणीत करून सांगायला लागलो. आई म्हणाली, "कळला माका." आणि उठून आत गेली. आत भांड्यांचा आवाज मोठ्यानं येत राहिला.

मग बाहेर येऊन तिनं आणखी विचारलं, बाहेर सगळे विटांना भिऊन लांब गेले, तुला विटांची भीती नाही वाटली? तो म्हणाला, आत बसलं की विटा दिसतच नाहीत. त्या बाहेर तोंड करून असतात. आणि त्या माझ्याच हातानं बसवल्या होत्या, मला माहीत होतं त्या नीट बसल्यात.

तो बरा झाला, पण रणगाड्यात बसण्याइतका नाही. डॉक्टरांनी त्याला तब्येतीच्या खालच्या श्रेणीत टाकलं. नंतर तो नव्या मुलांना विटा बसवायला शिकवत असे. मी आणखी काही वर्षं दुसऱ्या गनरबरोबर गाडा चालवला आणि निवृत्त होऊन घरी आलो. आता देवबागला पर्यटकांना होडीतून फिरवतो आणि आमच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवतो. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. माझंही लग्न झालं. फोन चालू असायचे. येणं मात्र राहून जात होतं.

गेल्या दिवाळीनंतर तो बायकोला आणि लेकीला घेऊन आला. आईला हल्ली नीट दिसत नाही. अंगणात पाऊल टाकताच तो खोकला आणि आई घरातून म्हणाली, "इलो रे माजो झील!" मी तिचा सख्खा मुलगा शेजारी उभा होतो. माझी बायको माझ्याकडे बघून हसली.

त्याची बायको अबोल, कामसू. घरचं तूप डब्यात भरून आणलं होतं तिनं. दुसऱ्या दिवशी ती आईशेजारी मागच्या दारी नारळ खवायला बसली. दोघींची भाषा वेगळी, पण काहीतरी बोलणं चाललं होतं. तिला सगळं ठाऊक असणार असं धरून आईनं आपल्या मोडक्या हिंदीत सुरुवात केली. धूर, तोफ, चाक, विटा, कमांडरचं रडणं. बोलता बोलता तिनं हातानं चाक फिरवून दाखवलं.

मी पाणी प्यायला मागच्या दारी आलो तेव्हा ती बाई खवणीवर तशीच बसली होती. अर्धी खवलेली नारळाची वाटी हातात. मला बघताच उठून उभी राहिली. "भाईसाहब, ये पानी से नहीं जले थे?"

माझ्या लक्षात आलं. त्यानं तिलाही तेच सांगितलं होतं. एकदा सांगितलेलं तसंच चालत राहिलं होतं. आई गोंधळून माझ्याकडे बघू लागली. "माजा काय चुकला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं, क्रमानं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "और वो ईंटें? फट जातीं तो?" मी म्हणालो, फुटत नाहीत आगीत. शिकवतात तसं. आणि नाहीच फुटल्या. ती म्हणाली, "ये आपको अब पता है. उस वक़्त उन्हें पक्का पता था?" मी म्हणालो, नाही. कोणालाच पक्कं माहीत नसतं.

तो लेकीबरोबर किनाऱ्यावर वाळूत बसला होता. त्याची बायको वाळूतून चालत त्याच्याकडे गेली. आम्ही ओटीवरून बघत होतो, आईला दिसत नव्हतं म्हणून ती मला विचारत होती, "काय करता ती? भांडता?" भांडत नव्हती. ती त्याच्यासमोर बसली. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही वर सारली, कोपरापर्यंत, आणि तो हात मांडीवर घेऊन बघत राहिली. तिनं तो हजारदा पाहिला असेल. लेक मध्येच येऊन वाळूचा लाडू बापाच्या दुसऱ्या तळव्यावर ठेवून गेली.

"सांग मां, काय करता ती?"

"बसली हा. तेचो हात धरून बसली हा."

"बसांदे," आई म्हणाली. "जेवणाक हाक मारू नको इतक्यात."

जेवायला त्यांना बराच उशीर झाला. ती त्याच्याशी दिवसभर बोलली नाही, पण त्याच्या ताटात दोनदा तूप वाढलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं, परतीची तिकिटं दोन दिवस पुढची मिळतात का बघा. मिळाली. त्या दोन दिवसांत तिनं आईकडून आंबोळी शिकून घेतली आणि त्याला होडीत बसायला लावलं. या वेळी वडिलांनी होडी जरा खोल पाण्यात नेली. त्यानं कडा पकडल्या, पण एकाच हातानं. दुसरा तिच्या हातात होता.

कुडाळ स्टेशनवर आईही आली होती. गाडीत चढायच्या आधी त्या बाईनं वाकून आईचे पाय धरले आणि म्हणाली, "सर्दियों में आप हमारे यहाँ आइए, माताजी. मेरी सास आपसे मिलना चाहती हैं."

"येतंय," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "तेंच्या थंय मासे मिळाचे नाय ना रे?"

"नाय गो."

"जांदेत. दूध पिऊन रवान."

या थंडीचं आमचं तिकीट निघालंय. वडील येणार नाहीत, होडी सोडून ते कुठं जात नाहीत. आई रोज सकाळी मला विचारते की हरियाणात किती थंडी असते, आणि मी रोज सांगतो. माझ्या बायकोनं तिच्यासाठी लोकरीचा स्वेटर आणलाय. इथल्या उकाड्यात तो अंगात घालून आई ओटीवर बसते, घामाघूम होते, आणि म्हणते, बरा आसा, बरा आसा.